हौदाचा फिल्टर दोन दिवसांत तुंबतो: पंप मोठा करू नका, ड्रम वाढवा

प्रश्न वाचला, बाकीच्यांसाठी थोडक्यात परत सांगतो. मुलुंडला तळमजल्यावर घर, मागच्या अंगणात साधारण १५०० लिटरचा हौद, आतून वॉटरप्रूफिंगचा कोट मारलेला, त्यात सहा गोल्डफिश आणि चार कोई (शोभेचे मोठे होणारे कार्प मासे). ५० लिटरच्या ड्रममध्ये खाली खडी आणि वर स्पंज असा फिल्टर तुम्ही स्वतः केलाय, पंपाच्या खोक्यावर तासाला ३००० लिटर लिहिलंय. दोन दिवसांत स्पंज तुंबतो, पाणी ड्रमवरून अंगणात वाहतं, मग तुम्ही खडी-स्पंज सगळं काढून नळाखाली चकाचक धुता, आणि एवढं करूनही पाणी हिरवंच. म्हणून विचारताय की पंप ५००० चा घेऊ का आणि स्पंज अजून बारीक घालू का.

दोन्हीला माझं उत्तर नाही असंच आहे. मोठा पंप लावलात तर जो फिल्टर दोन दिवसांत तुंबतोय तो एका दिवसात तुंबेल, आणि बारीक स्पंज घातलात तर सकाळी लावलेला संध्याकाळी काढायला लागेल. मी बंगल्यांचे, शाळांचे, अंगणातले हौद बांधून देतो आणि नंतर सांभाळतोही, उत्तन-गोराईपासून ठाण्यापर्यंत, आणि घरी केलेल्या फिल्टरमध्ये बहुतेक वेळा गडबड एकच असते, एका डब्याच्या गळ्यात तीन कामं बांधलेली असतात. माशांची घाण आणि उरलेलं खाणं अडवायचं, पाण्यात विरघळलेला अमोनिया बॅक्टेरियांकडून संपवून घ्यायचा, आणि हिरवेपणा घालवायचा. पहिल्या कामाची वस्तू सारखी धुवावी लागते. दुसऱ्या कामाची वस्तू जवळजवळ धुवायचीच नसते. आणि तिसरं काम स्पंजाला जमतच नाही, कारण ते हिरवं शेवाळ एकपेशीय असतं, स्पंजाच्या भोकातून आरामात निघून जातं. तुमच्या हौदाचा खरा प्रश्न हा आहे, पंपाचा नाही.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. स्पंजात घाण अडकली म्हणजे ती पाण्यातून गेली असं नसतं, ती तिथेच बसलेली असते आणि तिच्यावरून दिवसभर पाणी फिरत असतं. गाळणीतल्या चहाच्या चोथ्यावर परत पाणी ओतलं की कसा रंग उतरतच राहतो, तसाच त्या घाणीतून अमोनिया उतरत राहतो. म्हणून चांगल्या फिल्टरची माझी परीक्षा साधी आहे, साठलेली घाण हौदाच्या पाण्यापासून कायमची बाहेर काढायला किती वेळ लागतो? व्हॉल्व्ह उघडून अर्ध्या मिनिटात होत असेल तर माणूस ते रोज करतो. अर्धा तास सगळं उपसायला लागत असेल तर आठवड्याने करतो, मग पंधरा दिवसांनी, आणि मग मासे मरायला लागल्यावर.

आता काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. हौदावर ऊन किती तास पडतं, पाणी पालिकेचं आहे की सोसायटीच्या बोअरचं मिसळून येतं, खाणं दिवसाला किती ग्रॅम टाकता, आणि तो कोट नीट धरलाय की कुठे सिमेंट उघडं आहे. उघडं नवं सिमेंट असेल तर चुना पाण्यात उतरून पीएच ९ च्या वर जातो आणि मग फिल्टरच्या आधी ते बघावं लागेल. खालचं सगळं मी असं धरून लिहितोय की कोट शाबूत आहे आणि पाणी नळाचं आहे.

सुरुवात पंप मोजण्यापासून करा, काही विकत घ्यायच्या आधी. खोक्यावरचा ३००० हा आकडा पाणी अजिबात वर न चढवता मिळतो, आणि त्याच खोक्यावर कमाल उंची लिहिलेली असते, त्या उंचीला पंप शून्य पाणी देतो. तुमचं पाणी एक-सव्वा मीटर वर चढत असणार, वर दोन-तीन एल्बो (पाईपचे काटकोनी जोड), म्हणजे निम्मंच मिळत असेल तरी मला आश्चर्य वाटणार नाही. पाईप जिथे फिल्टरमध्ये पडतो तिथे १० लिटरची बादली धरा, मोबाईलवर सेकंद मोजा, आणि ३६००० ला त्या सेकंदांनी भागा. २४ सेकंद लागले तर तासाला १५०० लिटर. तुमच्या हौदाला तेवढं पुरतं, सगळं पाणी तासा-दोन तासात एकदा फिल्टरमधून जावं एवढंच बघायचं. आणि आता ड्रमचा हिशोब बघा, तासाला १५०० म्हणजे मिनिटाला २५ लिटर, तुमच्या ५० लिटरच्या ड्रममध्ये पाणी जेमतेम दोन मिनिटं थांबतं, त्यातली अर्धी जागा खडीने खाल्लेली. तेवढ्या वेळात घाण खाली बसायला सवडच मिळत नाही, ती सरळ स्पंजावर जाते. तेच पाणी २०० लिटरच्या निळ्या ड्रममधून नेलं तर सात-आठ मिनिटं मिळतात, आणि जड घाण काहीही न लावता, निव्वळ पाणी संथ झाल्यामुळे खाली बसते. तुम्हाला पैसे खर्च करायचेच असतील तर ते ड्रमवर करा.

असे दोन ड्रम घ्या. भंगारवाल्याकडे मिळतात, पण आधी आत काय होतं ते विचारा, वास घेऊन बघा, खाद्यतेल किंवा सिरपचा असेल तर घ्या, केमिकलचा असेल तर कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नका, प्लॅस्टिक ते शोषून घेतं आणि महिनोन्महिने सोडत राहतं. पाईप, टँक निपल (ड्रमला भोक पाडून पाईप बसवायचा जोड), बॉल व्हॉल्व्ह कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतील, जरा व्हरायटी बघायची असेल तर नागदेवी स्ट्रीटला चक्कर मारा.

पहिला ड्रम फक्त घाणीचा. पंपाचा पाईप बाजूने आत आणायचा, एल्बो लावून ड्रमच्या मध्यावर वर वळवायचा, तोंड पाण्याच्या पातळीच्या थोडं खाली राहील असं, आणि त्या तोंडावर एक छोटी बादली उलटी टांगायची. म्हणजे पाणी वर येतं, बादलीच्या बुडाला थडकतं, सगळ्या बाजूंनी खाली वळतं आणि तिथे त्याचा जोर मोडतो. घाण तळाला जाते, वरचं त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी कडेने पुढे. तळाशी, जितकं खाली जमेल तितकं, ४० मिलिमीटरचा टँक निपल आणि बॉल व्हॉल्व्ह, आणि ड्रम मागच्या बाजूने लादीचा एक तुकडा देऊन व्हॉल्व्हकडे किंचित कलता ठेवा, नाहीतर सपाट बुडात घाण कोपऱ्यात बसून राहते. हा व्हॉल्व्ह रोज सकाळी अर्धा मिनिट उघडायचा, जे काळपट पाणी येतं ते कुंड्यांना घाला, झाडं खूश होतात. तेवढं पाणी हौदात परत भरलंत की थोडा पाणीबदलही आपोआप होतो.

ह्याच ड्रममधून बाहेर जाणारा जो उभा पाईप असतो त्याला भोकं पाडून त्यावर जाड, मोठ्या भोकांचा स्पंज नळीसारखा चढवा. पंपाचं पातं घाणीचा थोडा चुरा करतंच, तो चुरा खाली बसत नाही, त्याला हा स्पंज अडवतो. हाच स्पंज तुम्ही हवा तसा धुवा, नळाखाली धुतला तरी चालेल, कारण ह्याच्यावर आपण बॅक्टेरियांसाठी अवलंबूनच नाही. पंपाला स्वतःचा बारीक स्पंज आला असेल तर तो काढून टाका आणि पंप भाजीच्या प्लॅस्टिक जाळीच्या टोपलीत ठेवा, नाहीतर घाण पंपाशीच अडेल आणि हा ड्रम रिकामा बसेल.

दुसरा ड्रम बॅक्टेरियांचा, इथे हात लावायचा नाही. पहिल्यातून पाणी ह्याच्या तळाशी न्यायचं, मधून वर येऊ द्यायचं आणि वरून हौदात सोडायचं. मीडिया, म्हणजे बॅक्टेरियांनी ज्याच्यावर वस्ती करायची ते सामान, महागडं लागत नाही. बाटल्यांची झाकणं, पार्सलची प्लॅस्टिकची पॅकिंग पट्टी कापून, भोकाभोकांचे बायोबॉल्स, जुन्या मंगलोरी कौलांचे तुकडे, ह्यातलं काहीही चालतं, कांद्याच्या जाळीच्या पिशव्यांत भरून ठेवलंत की काढायला सोपं. मी पट्टी आणि झाकणं पसंत करतो कारण त्यात मोकळी जागा भरपूर राहते, तुंबत नाही, आणि हलकी असतात. खडी मात्र ह्यात नको. तिला पृष्ठभाग कमी, वजन जास्त, आणि तिच्या फटीत गाळ बसला की खाली ऑक्सिजन पोचत नाही आणि सडका वास सुरू होतो. नारळाचा काथ्याही नको, तो कुजतो. तळाशी एक एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बारीक बुडबुडे सोडणारा दगड) सोडा, कारण हे बॅक्टेरिया ऑक्सिजनवर जगतात, आणि आपल्याकडे पाणी गरम, ३० डिग्रीच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो, २० डिग्रीला नऊच्या वर मावतो. मुंबईच्या एप्रिल-मेमध्ये हौदात श्वास घ्यायला एवढंच असतं, मासे आणि बॅक्टेरिया दोघांनी मिळून. म्हणूनच परतीचं पाणी हौदात अर्धा-एक फुटावरून पडू द्या.

पाईपच्या बाबतीत एक गोष्ट अजिबात सोडू नका. आत येणारं पाणी पंप ढकलतो, बाहेर जाणारं फक्त उताराने जातं, म्हणून आत २५ मिलिमीटर असेल तर बाहेर ५० किंवा ६३ चा पाईप हवा, आणि दुसऱ्या ड्रमचं आउटलेट पहिल्याच्या आउटलेटपेक्षा चार-पाच सेंटीमीटर खाली. वर पहिल्या ड्रमला आउटलेटच्या थोडा वर एक जादा पाईप काढा जो थेट हौदात परत जाईल. स्पंज तुंबला तर पातळी वाढून पाणी त्यातून हौदात जाईल, अंगणात नाही. आत्ता तुमच्याकडे तुंबल्यावर पाणी जमिनीवर जातंय, म्हणजे तुम्ही दोन दिवस बाहेरगावी गेलात तर पंप अख्खा हौद अंगणात रिकामा करून मोकळा होईल. पंप तळाला न ठेवता एका विटेवर ठेवा आणि जमलं तर फ्लोट स्विच लावा, पातळी उतरली की पंप बंद.

दोन्ही ड्रम भरल्यावर प्रत्येकी २०० किलोच्या वर जातात, तेव्हा खाली पक्की लादी किंवा विटांचा ओटा पाहिजे, मातीवर नको, पावसात माती बसते आणि सगळे जॉइंट ताणले जातात.

इथपर्यंतचं एका दमात: पहिला ड्रम घाण बसवतो आणि व्हॉल्व्हने बाहेर टाकतो, त्यातला स्पंज चुरा अडवतो आणि धुतला जातो, दुसरा ड्रम शांत राहतो आणि अमोनिया संपवतो.

आता ते नळाखाली धुण्याबद्दल. पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते आपल्यासाठी चांगलं आणि ह्या बॅक्टेरियांसाठी विष. दर दोन दिवसांनी तुम्ही त्यांना मारताय आणि फिल्टर दर वेळी पहिल्यापासून सुरू होतोय, त्यामुळे तुमच्या हौदात अमोनिया सापडेल अशी मला जवळजवळ खात्री आहे. हे बॅक्टेरिया हळू वाढतात, नव्या फिल्टरला चार ते सहा आठवडे धरून चाला, आपल्या उष्णतेत थोडं लवकर होतं. म्हणून नवीन ड्रम जोडले तरी जुना ५० लिटरचा ड्रम लगेच काढू नका, दोन्ही बरोबर चालवा, आणि जुन्या स्पंजाचं तपकिरी पाणी पिळून दुसऱ्या ड्रममध्ये टाका, तेच विरजण. ह्या काळात खाणं निम्मं करा. माशांचं काही बिघडत नाही, उलट तेच त्यांना वाचवतं. थेंबांचं टेस्ट किट घ्या, पट्ट्यांचं नको, क्रॉफर्ड मार्केटला मिळेल, आणि दोन-तीन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट (बॅक्टेरिया अमोनियाचं आधी हे करतात, तेही माशांना विषारी) बघा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरेल आणि नायट्राइट चढेल, मग तोही उतरेल. नायट्राइट चढलेला असताना लिटरला एक ग्रॅम खडे मीठ टाकलं तर माशांना त्रास कमी होतो, म्हणजे तुमच्या हौदाला दीड किलो, विरघळवून, दोन-तीन हप्त्यांत. पाणी बदलताना नळाचं पाणी थेट सोडू नका, अँटीक्लोरचे (क्लोरीन घालवणारं औषध) थेंब टाका किंवा ड्रममध्ये एअर स्टोन लावून रात्रभर ठेवा.

एक मुद्दा मुंबईत खास लक्षात ठेवण्यासारखा आहे आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. आपलं तानसा, भातसा, वैतरणाचं पाणी मऊ असतं, त्यात क्षार कमी, म्हणजे पीएच धरून ठेवणारा केएच कमी. आणि फिल्टर जितका चांगला चालतो तितका तो केएच खातो. हिशोब सांगतो. दिवसाला १० ग्रॅम खाणं टाकलं, त्यात ३५ टक्के प्रथिनं, तर साधारण ०.३ ग्रॅम अमोनियातला नायट्रोजन तयार होतो. एक ग्रॅम संपवायला बॅक्टेरिया सात ग्रॅमच्या आसपास क्षार वापरतात. तुमच्या १५०० लिटरमध्ये महिन्याला हे लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आसपास जातं, म्हणजे केएचचे अडीच डिग्री. मऊ पाण्यात मुळात तेवढेच असतील तर महिन्याभरात पाणीबदल न केल्यास केएच शून्यावर येतो, पीएच एकदम घसरतो, बॅक्टेरिया काम थांबवतात आणि लोक म्हणतात फिल्टर छान चालला होता, अचानक मासे गेले. ह्याला घरचा उपाय आहे. तिसऱ्या किंवा कालवं खाल्ल्यावर शिंपले टाकू नका, उकळून, घासून, उन्हात वाळवून किलोभर जाळीच्या पिशवीत दुसऱ्या ड्रममध्ये ठेवा. पीएच उतरायला लागला की ते विरघळतात, नाहीतर नुसते पडून राहतात, त्यामुळे जास्त झाले अशी भीती नाही. आठवड्याला १५-२० टक्के पाणी बदला.

हिरव्या पाण्याचं काम फिल्टरच्या डोक्यावरून काढून घ्या. शेवाळाला ऊन आणि खत लागतं, खत म्हणजे तुमचं जास्तीचं खाणं, आणि मुंबईत थंडी नावापुरतीच असल्याने ते बारा महिने वाढतं. सकाळी अकरा ते चारच्या उन्हावर शेडनेट टाका. परतीचं पाणी एका लांबट टबातून सोडा आणि त्यात कर्दळ, वेखंड, अळू लावा, मोरीच्या पाण्यावर अळू कसा माजतो ते आपण सगळ्यांनी बघितलंय, इथेही तसाच माजतो आणि तेवढं खत पाण्यातून ओढतो. जलपर्णीही चालते पण वाढलेली उपटून सुकवून कंपोस्टमध्ये घाला, नाल्यात किंवा तलावात चुकूनही टाकू नका, पवई तलावाचं तिने काय केलंय ते बघताय. एवढं करून महिन्या-दीड महिन्यात पाणी उजळलं नाही तर यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा. तो पंपाच्या लाईनवर, पहिल्या ड्रमच्या आधी लावा, शेवाळ मरून गोळा होतं आणि पुढे अडतं. आतली काचेची नळी अधूनमधून पुसायची, आणि दिवा पेटत असला तरी वर्षाने बदलायचा, कारण त्याची ताकद डोळ्याला दिसत नाही. पेटलेला दिवा उघड्यावर बघू नका, डोळ्यांना इजा होते. यूव्ही आधी लावून बाकीचं टाळायची घाई मात्र नको, पाणी काचेसारखं दिसेल आणि अमोनिया आतच राहील.

हिरव्या पाण्याने अजून एक धोका असतो. दुपारी शेवाळ पीएच वर नेतं, आणि ३० डिग्रीला पीएच ७ असताना अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो, तोच साडेआठला गेला की वीस टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणून पीएच सकाळी आणि दुपारी चार वाजता, दोनदा मोजा. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर रात्रभर शेवाळाने ऑक्सिजन खाल्लाय असं समजा आणि त्याच दिवशी एअर पंप लावा.

पावसाच्या आधी दोन कामं. छपराचं पाणी हौदात पडत असेल तर ते वळवा, पावसाच्या पाण्यात केएच नसतोच आणि जुलैतल्या एका रात्रीत हौदाचं पाणी बरंच पातळ होऊ शकतं. आणि ड्रमना बारीक जाळीचं झाकण घट्ट बसवा. पालिकेच्या कीटकनाशक विभागाचे लोक अंगणं तपासतात, आणि ते बरोबरच करतात, डेंगीचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. हौदात मासे आहेत म्हणून तिथे अळ्या राहत नाहीत, पण फिल्टरच्या ड्रममध्ये मासे नसतात. पंप बंद पडला की तोच ड्रम डासांचं घर. हौदात आठ-दहा गप्पी सोडलेत तरी चांगलं.

विजेचं स्वस्तात उरकू नका. पंपाच्या लाईनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग, प्लग पावसापासून आत, आणि पाण्यात हात घालायच्या आधी स्विच बंद करून प्लग काढायचाच, घरातल्या मुलांनाही हे सांगून ठेवा. ४० वॉटचा पंप चोवीस तास चालवला तर महिन्याला २९ युनिटच्या आसपास जातात, ते वाचवायला रात्री बंद करू नका. लाईट काही तासांपेक्षा जास्त गेली असेल तर पंप सुरू करायच्या आधी दोन्ही ड्रमचं खालचं पाणी सोडून द्या, कुजका वास येत असेल तर पूर्ण, ते पाणी हौदात गेलं तर मासे मरतात.

राहता राहिले कोई. गोल्डफिश ह्या फिल्टरवर मजेत राहतील, पण कोई दोन फुटांच्या पुढे वाढतात आणि तेवढं खातात, १५०० लिटरमध्ये चार कोई कुठल्याच फिल्टरला कायमचे झेपणारे नाहीत. वर्षभरात मोठा हौद असलेल्या कोणाला तरी द्यायचं आत्तापासून बघा.

ह्या आठवड्यात ड्रमच्या आधी फक्त एवढं करा, खाणं निम्मं, स्पंज हौदाच्याच पाण्यात खळबळून घ्या, नळाखाली नको, आणि बादलीने पंप मोजा. मग इथेच ते सेकंद, अमोनिया, नायट्राइट, केएच आणि दोन्ही वेळचा पीएच लिहा. आकडे बघून दुसऱ्या ड्रममध्ये मीडिया किती भरायचा आणि शेडनेटवर भागेल की यूव्ही लागेल ते नक्की सांगता येईल.